रामटेके मॅडमचा दगड

पाहुण्यांना भेडाघाटला घेऊन जाणं हे जबलपूरच्या प्रत्येक मराठी घराच्या कपाळी लिहिलेलं आहे. पुण्याहून नणंद आली, चला भेडाघाट. नागपूरहून विहीणबाई आल्या, चला भेडाघाट. नावाडी तीच यमकं जुळवलेली तुकबंदी म्हणतो, पाहुणे त्याच वळणावर "अय्या!" म्हणतात आणि वर येताना मूर्तींच्या दुकानात तीच घासाघीस होते. माझं तर आता असं झालंय की नावेत बसल्याबसल्या डुलकी लागते. पण एक सवय काही सुटत नाही. काठावर उतरले की मी संगमरवराचा एक पांढरा खडा उचलते आणि पर्समध्ये टाकते.

"काय हो, खडे काहून गोळा करून राहिल्या?" परवा विहीणबाईंनी विचारलंच.

"काही नाही. या दगडाला राग लवकर येत नाही, म्हणून आवडतो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलाकडे पाहिलं. आईचं वय झालं, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. आता घाटाच्या पायऱ्या चढताना धापा टाकत मी त्यांना रामटेके मॅडम कुठून समजावू?

सुलोचना रामटेके. आमच्या मुलींच्या शाळेत त्या केमिस्ट्री शिकवायच्या आणि मी हिंदी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे माझं मराठी घरातलं आणि हिंदी पोटापाण्याचं. मॅडमचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला आले होते. राज्यं नवी झाली, नकाशे बदलले, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून जवळ आलो म्हणा. नाहीतर दोघींचं जुळण्यासारखं काही नव्हतं. मला बोलायला लागतं आणि त्यांना पाहायला.

पहिल्याच दिवशी त्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, अंगावर साधी सुती साडी. साडीवर बारीक बारीक फुलं काढलेली, पण कुठेही, कशीही. एक पदरावर, चार निऱ्यांवर, एक पार खांद्याजवळ.

"कशिदा छान आहे हो," मी म्हटलं. "कोणाकडून करून घेतला?"

"अर्धं काम सल्फ्युरिक आम्लाचं आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं भोकं पाडली, मी फुलं काढली."

मला वाटलं बाई थट्टा करतेय. नंतर कळलं, थट्टा नव्हतीच. प्रयोगशाळेत आम्लाचा एवढासा शिंतोडा साडीवर उडतो, तेव्हा काही दिसत नाही. साडी धुतली की तिथं भोक. ज्या वर्षी अकरावीच्या पोरी धसमुसळ्या निघाल्या, त्या वर्षी मॅडमच्या साडीवर बाग फुलायची.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, आरसा नसायचा, पण होमिओपॅथीची एक छोटी बाटली असायची. तिच्यावर लाल नेलपॉलिशनं फुली. आत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बुचाला ड्रॉपर. पाहिला दगड की टाक थेंब. देवळाच्या पायरीवर, नगरपालिकेच्या कारंज्यावर, एकदा तर आमच्या ओट्यावर. माझ्या सासूबाई किंचाळल्या. मॅडम शांतपणे फडक्यानं ओटा पुसत म्हणाल्या, "काकू, यावर लिंबू कापून ठेवू नका. डाग पडेल. हा चुन्याचा दगड आहे." सासूबाईंनी महिनाभर त्यांना चहा दिला नाही, पण लिंबू मात्र ताटलीत कापायला लागल्या.

आणि त्यांचा तो प्रश्न! मुलींना हिंदीत, "देखा कि पढ़ा?" मला मराठीत, "पाहिलं की वाचलं?" कोणी काही सांगायला लागलं की हा प्रश्न आलाच. स्टाफरूममध्ये एकदा गणिताच्या बाई खुर्ची सरकवून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुना आपने? वो ड्रॉइंगवाली मैडम का तो चक्कर चल रहा है।" मॅडमनी वर न बघता विचारलं, "देखा कि सुना?" झालं. सगळ्यांचा चहा थंड पडला. माझा तर धंदाच बुडाला की हो! त्या शाळेत चांगल्या दोन-तीन प्रकरणांची मजा त्यांच्यापायी मला घेता आली नाही.

माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून होता. मधल्या भिंतीत खिडकी होती, तिची काच फुटलेली. त्यामुळे मी इकडे दोहे शिकवायची आणि तिकडून मला केमिस्ट्री ऐकू यायची. दरवर्षी पहिला धडा एकच. मॅडम दाराशी पाण्याची बादली आणि खायच्या सोड्याचा डबा ठेवायच्या, मग एक मोठं काचेचं भांडं घ्यायच्या.

"पानी में तेज़ाब, तेज़ाब में पानी कभी नहीं. काहे?" तेज़ाब म्हणजे आम्ल; कारण मग त्याच सांगायच्या. "तेज़ाब पाण्यात थेंबथेंब सोडलं तर पाणी त्याची गरमी झेलतं. पण तेज़ाबावर पाणी ओतलं तर वरचं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि तुमच्या तोंडावर येतं. तेज़ाब वाईट नसतं बेटा, घाई वाईट असते." मग काठीनं ढवळत, काचेच्या कडेनं बारीक धार सोडायच्या. प्रत्येक पोरीला भांड्याला बाहेरून हात लावायला लावायच्या. भांडं गरम लागलं की पोरींचे डोळे मोठे व्हायचे. त्यातल्या अर्ध्या पोरींच्या घरी मोरी धुवायला तेज़ाबाची बाटली यायची, पण पाण्यात पडल्यावर ते का तापतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा धडा दगडाचा. पुस्तकात लिहिलेलं असतं, संगमरवरावर आम्ल टाकलं की तेज़ बुदबुदाहट होते, म्हणजे जोरात फसफसतं. मॅडम भेडाघाटचा खडा द्यायच्या. पोरी तो परीक्षानळीत टाकायच्या, एक डोळा नळीवर, एक पुस्तकावर, आणि लिहायच्या, "तेज़ बुदबुदाहट हुई।"

नळीत काय व्हायचं? काही नाही. खडा तळाशी पडून राहायचा. बऱ्याच वेळानं एखादा बुडबुडा सुटायचा.

मग मॅडम एकेकीची वही घेऊन विचारायच्या, "देखा कि पढ़ा?" आणि सगळ्या पोरी लाजून हसायच्या. त्या सांगायच्या, पुस्तक खोटं नाही, पण ते दुसऱ्या दगडावर लिहिलंय. राजस्थानातल्या संगमरवरात नुसता चुना असतो, तो भडकतो. आपल्या नर्मदेच्या दगडात मॅग्नेशियम मिसळलेलं आहे, त्याला राग हळूहळू येतो. कुटून पूड केली, थोडं गरम केलं, की तोही फसफसतो. "दगड बी ज्याचा त्याचा असते," मला म्हणायच्या. "पोरींनी जन्म इथं काढला, दगड इथला, आन् लिहून राहिल्या तिकडलं."

आमच्या प्रिन्सिपलसाहेबांनी घर बांधलं तेव्हाची गोष्ट तर गावभर झाली. गृहप्रवेशाला सगळा स्टाफ बोलावला होता. साहेब प्रत्येकाला चप्पल बाहेर काढायला लावून हॉलमध्ये नेत आणि म्हणत, "असली मकराना है। ट्रक राजस्थान से आया है।" आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. आपलं काय जातं? मॅडम नुसत्याच फरशीकडे बघत होत्या. मी त्यांच्या पर्सवर हात ठेवला. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला शपथ आहे."

पण साहेबांनाच खाज. "क्यों रामटेके जी, आप तो पत्थर की डॉक्टर हैं। जाँच लीजिए!"

"सर, जाँचना है कि तारीफ़ करनी है?" त्यांनी खरोखर विचारलं. साहेब हसून म्हणाले, जाँचिए. मॅडम दारामागच्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या, थेंब टाकला. आम्ही तीसेक माणसं त्या थेंबाकडे टक लावून उभी. थेंब आपला तिथंच पडलेला. साहेबांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी फडक्यानं जागा स्वच्छ पुसली आणि उठत म्हणाल्या, "सर, पत्थर बहुत अच्छा है। अपनी तरफ़ का ही है। खटाई गिरेगी तो दाग़ भी जल्दी नहीं पड़ेगा।"

येताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडले. "काय गरज होती? चांगल्या जेवणाची माती केली." तर म्हणतात, "मी विचारलं होतं ना त्यांना, पाहायचं का नावाजायचं?" वर्षभर साहेबांनी प्रयोगशाळेची एकही मागणी मंजूर केली नाही. मॅडमनी जास्वंदीची फुलं वाळवून त्यांच्या रंगाचे कागद केले आणि आम्ल-अल्कलीचे प्रयोग त्यावर भागवले.

त्या गढ्यात, जबलपूरच्या जुन्या वस्तीत राहायच्या. खालच्या दोन खोल्यांत भाऊ प्रभाकर, त्याची बायको, मुलगी अंजू. वरच्या खोलीत मॅडम. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. "कोणी पाहायला आला की मी बी त्याला पाहायची," एवढंच म्हणाल्या. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर खायला मी जायची. भिंतीशी आरामखुर्चीत त्यांचे म्हातारे वडील बसलेले असायचे. फॅक्टरीत त्यांनी जन्मभर नायट्रिक आम्लाच्या टाक्यांवर काम केलं. त्या आम्लानं कातडी पिवळी होते आणि डाग धुऊन जात नाही. कातडी झडली तरच जातो. लहानपणी मॅडमना वाटायचं सगळ्यांच्याच बाबांची बोटं पिवळी असतात. "ते काहून पिवळे आहेत, हे समजायसाठी मी शिकली," असं त्यांनी मला सांगितलं होतं. बास, त्यांच्या शिक्षणाची कथा एवढीच.

अंजू त्यांच्याच खोलीत झोपायची, त्यांच्याच ताटात जेवायची. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द आत्या होता, असं प्रभाकर अभिमानानं सांगायचा. आत्याची बाटली पर्समधून काढून ती अंगणातल्या दगडांवर थेंब टाकत फिरायची. आमच्याच शाळेत आली, केमिस्ट्रीत पहिली. तिला एकच ध्यास, नागपूरला जाऊन बीएस्सी करायचं आणि आत्यासारखं प्रयोगशाळेत उभं राहायचं. प्रभाकरच्या पगारात नागपूरचं हॉस्टेल बसणारं नव्हतं. मॅडमचा पगार वडिलांच्या दम्यात जात होता.

आणि त्याच वर्षी नागपूरच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती निघाली. प्रत्येक शाळेतून एक मुलगी. कॉलेज, हॉस्टेल, पुस्तकं, सगळं त्यांचं. निवड प्रात्यक्षिकावर; अर्धे गुण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचे, अर्धे शाळेच्या शिक्षिकेचे. गढ्यातल्या त्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं की अंजू चालली नागपूरला. तिच्या आईनं तर उशीला नवा अभ्रा शिवला.

मी म्हटलं, "मॅडम, तुमची भाची आहे, दुसऱ्या कोणाला परीक्षक करा." त्या म्हणाल्या, "दुसरं आहे कोण? फिजिक्सवाला? त्याला आम्लाच्या बाटलीची भीती वाटते."

परीक्षक दुबेजी म्हणून होते. सज्जन माणूस, सफारी सूट, सारखं घड्याळ बघणारे. मी निरीक्षक म्हणून प्रयोगशाळेत उभी होते. मॅडमनी प्रत्येक मुलीसमोर आम्लाची परीक्षानळी ठेवली आणि एक पांढरा खडा. मी तो भेडाघाटचा खडा ओळखला. म्हटलं, ही बाई आजच्या दिवशीसुद्धा! मग मनात आलं, अंजूला काय, तिला तर हा दगड पाळण्यापासून माहीत आहे. पोरगी सुटली.

मी अंजूच्या मागेच उभी होते. तिनं खडा सोडला. खडा तळाशी गेला आणि पडून राहिला. ती नळीकडे बघत होती. मग तिनं मान वळवून दुबेजींकडे पाहिलं. ते खुर्चीत पुस्तक उघडून बसले होते, उत्तरं पडताळायला. मग तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. अंजूनं पेन उचललं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पत्थर डालते ही तेज़ बुदबुदाहट हुई।"

मझौली गावची राजकुमारी पटेल म्हणून एक मुलगी होती, मावशीकडे राहून शिकणारी. अक्षर गचाळ, हिंदीच्या तासाला मी तिला कायम रागवायची. तिनं लिहिलं होतं, "पहले कुछ नहीं हुआ। फिर एक-दो बुलबुले। मैंने पत्थर कूट के डाला तो ज़्यादा हुए।"

दुबेजींनी अंजूला पूर्ण गुण दिले. मॅडमनी शून्य दिलं.

"रामटेके जी, बच्ची होनहार है," दुबेजी म्हणाले. "उत्तर तो किताब के मुताबिक़ सही है।"

"किताब के मुताबिक़ सही है, सर। परखनली के मुताबिक़ नहीं।"

एवढ्यावर थांबायचं ना! निकालाचा कागद आत गेला असता, घरी जाऊन काय ते बोलता आलं असतं. पण मॅडम तिथंच, साऱ्या वर्गासमोर, दुबेजींसमोर अंजूपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अंजू. देखा कि पढ़ा?"

पोरीनं पेन खाली ठेवलं. "पढ़ा," ती म्हणाली.

"तो शून्य।"

राजकुमारीला दुबेजींचे थोडे आणि मॅडमचे पूर्ण गुण मिळाले; ती नागपूरला गेली.

त्या संध्याकाळी मी गढ्यात गेले, कारण माझ्यानं राहवेना. प्रभाकर अंगणात उभा राहून ओरडत होता, "स्वतःच्या पोरीचा गळा कापला तू, ताई! दुनिया आपल्या लेकराले हात देते, अन् तू..." मॅडम पायरीवर बसलेल्या. अंजू दारात आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज सरळ होता.

"आत्या, मला दिसलं होतं. मला माहीत होतं. पण त्या सरांना तुझा दगड थोडीच माहीत होता! त्यांनी पुस्तक उघडून ठेवलं होतं."

"बाकीच्या पोरींनी न पाहता पुस्तकातलं लिहिलं, त्या चुकल्या," मॅडम म्हणाल्या. "तू चुकली नाही. तू पाहिलं आन् मग दुसरं लिहिलं. म्हणून शून्य."

मला राग आला. खरं सांगते, इतका राग मला माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर, समोर नागपूर, बाहेरचा माणूस पुस्तक घेऊन बसलेला. तिनं काय करायचं होतं? आणि तरीही त्या बोलल्या त्यात खोडून काढण्यासारखं मला काही सापडेना. त्यानं तर आणखीच राग आला.

अंजू बिलासपूरला मामाकडे गेली. तिथं तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, पॅथॉलॉजीत नोकरी धरली, लग्नही तिकडेच केलं. दिवाळीला यायची. सगळ्यांच्या पाया पडायची, वर जायची, दाराशी उभी राहून म्हणायची, "नमस्ते, मैडम।" आत्या हा शब्द तिनं टाकून दिला तो दिलाच. मॅडमही म्हणायच्या, "नमस्ते बेटा, खुश रहो," जशा कुठल्याही जुन्या विद्यार्थिनीला म्हणायच्या. ती खाली गेली की बराच वेळ हातातल्या पुस्तकाचं पान उलटायच्या नाहीत.

पुष्कळ वर्षं गेली तशीच. आम्ही दोघी रिटायर झालो. एकदा बरगीला धरण बघायला गेलो होतो, भिंतीवर बसून भाजलेल्या शेंगा खात होतो. मी म्हटलं, "मॅडम, आता तरी सांगा. ते शून्य चुकलं ना?"

"शून्य बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मग शेंगांची टरफलं पाण्यात टाकत म्हणाल्या, "पण जन्मभर पोरींना शिकवलं, थेंबथेंब सोडा, ढवळत राहा, बाहेरून हात लावून पाहा किती तापलं. आन् घरच्या पोरीवर सगळं एकदम ओतलं. चारचौघांत. उसळणारच ना वं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं म्हणून सांगतेय.

"मग तिला असं सांगा ना."

"ती मॅडम म्हणते मला," त्या म्हणाल्या. "मॅडमनं काय सांगावं?"

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांना जेवण जाईना. डोळे पिवळे झाले. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी प्रभाकरला बाजूला घेऊन सांगितलं की पोटात गाठ आहे, उशीर झालाय, आता घरी न्या. प्रभाकरनं आम्हा सगळ्यांना जिन्याखाली गोळा केलं. म्हातारा झालेला भाऊ, हात जोडून म्हणाला, "ताईले कोणी सांगायचं नाही. पीलिया, साधी कावीळ आहे म्हणायचं. हातापाया पडतो." मग काय, सारा गढा पीलियाचे उपाय घेऊन वर चढला. कोणी उसाचा रस, कोणी मुळ्याची पानं. जो तो म्हणे, "आज तो चेहरा खिला हुआ है, मैडम!"

शेजारच्या दीदींनी पीलिया झाडणारा एक माणूस आणला. त्यानं मॅडमच्या हाताला कसलासा रस चोळला, मंत्र पुटपुटला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. "देखिए, पीलिया उतर रहा है," तो म्हणाला. दीदींनी हात जोडले.

मॅडम उशीला टेकून मन लावून पाहत होत्या. "भैया, बहुत बढ़िया," त्या म्हणाल्या. "अब ज़रा इनके हाथ धो दो." आणि माझ्याकडे बोट केलं. तो कां-कूं करायला लागला. मॅडमनी स्वतःच ती रसाची वाटी माझ्या हातावर ओतली, माझे हात चुन्याच्या पाण्यात घातले. पाणी पिवळंधमक. मी ठणठणीत बाई!

"आंब्याची साल आहे," मॅडम म्हणाल्या. "चुना लागला की पिवळी होते. माझं असो का तुझं."

माणूस पिशवी घेऊन गेला, दीदीही गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. त्या मला म्हणाल्या, "हिंदीवाली, मी कशी दिसून राहिली?"

"बऱ्या दिसताय," मी म्हटलं. माझे पिवळे हात मी पदराला पुसत होते.

"तू हिंदीवाली. तुला माफ आहे," त्या हसल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "सगळे वाचून सांगून राहिले मला. पाहून कोणीच सांगत नाही."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अंजू होती. बिलासपूरहून सकाळच्या गाडीनं आलेली, खांद्याला अजून बॅग. मागून प्रभाकर धापा टाकत येत होता, तिला खुणा करत होता, तोंडावर बोट ठेवत होता. अंजू दाराशी थांबली, जिथं ती दर दिवाळीला थांबायची. केसांत पांढरी बट आली होती तिच्याही. बोटांच्या टोकांना लॅबमधल्या स्लाइड रंगवायचा जांभळा रंग लागलेला होता.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "ये. मी कशी दिसते?"

प्रभाकर मागून म्हणाला, "अंजू, बेटा..."

अंजू आत आली. पलंगाशी वाकली, अंगठ्यानं मॅडमची खालची पापणी ओढून डोळा पाहिला. दुसरा पाहिला. चादर सारून पावलावर बोट दाबलं, खड्डा पडला, तो भरून येईना. तिनं पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. तिचा आवाज सरळ होता, त्या संध्याकाळी होता तसा.

"डोळे पिवळे आहेत. पायात पाणी भरलंय. पोटात उजवीकडे कडक लागतंय." तिनं मॅडमकडे पाहिलं. "पीलिया नाही, आत्या. गाठ आहे. बरी होणारी नाही."

प्रभाकर दाराच्या चौकटीला धरून रडायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी मॅडमकडे पाहत होते. किती दिवसांनी त्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यांनी अंजूचा हात पोटावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला, ती जांभळी बोटं निरखून पाहिली.

"पूर्ण मार्क," त्या म्हणाल्या.

अंजूनं तोंड त्यांच्या कुशीत लपवलं. मॅडम तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी पलंगाची कड थोपटली.

"बस इथं. आता पुढे काय काय होईल, सगळं सांग मला," त्या म्हणाल्या. "पण एकदम नको ओतू. थेंबथेंब सांग."

अंजूनं डोळे पुसले, बॅग खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसली. मी प्रभाकरला धरून जिना उतरायला लागले. वरून अंजूचा आवाज येत होता, हळू, एकेक वाक्य, आणि मधूनमधून मॅडमचा, "अच्छा. मग?"